मावशीची चिंतामणी

भाचीच्या हळदीचे फोटो मी काढले, ही माझी पहिली चूक. "जरा पिवळे आलेत का रे?" असं मावशीने विचारल्यावर "थांब, नीट करून देतो" म्हणालो, ही दुसरी.

हळदीचे फोटो पिवळे येणारच. मांडवाचं कापड पिवळं, झेंडू पिवळे, बायकांच्या साड्या ठरवून पिवळ्या, आणि वर जुन्या बल्बसारखे २७०० केल्विनचे पिवळट दिवे. नवरीला कावीळ झाल्यासारखी वाटत होती. एकटी मावशी काय ती चिंतामणी पैठणीत. ठरवलेला रंग नेसणं तिच्या स्वभावातच नाही.

लॅपटॉपवर गिंप नावाचं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट मिळतं, १९९६ पासून लोक वापरताहेत, तेव्हा आपल्यालाही जमेल. त्यात उजेड-अंधार जुळवायच्या लेव्हल्स नावाच्या सोयीत एक ड्रॉपर असतो. त्याने फोटोतली पांढरी वस्तू दाखवायची, की ती पांढरीशुभ्र धरून बाकीचे रंग जुळवले जातात. मी काकांची टोपी दाखवली. टोपीला हळदीची बोटं लागली होती, हे मला दिसलं नव्हतं, सॉफ्टवेअरला दिसलं. ती हळद पांढरी करायला त्याने एवढा निळा ओतला, की सगळा गोतावळा थंडीने काकडल्यासारखा झाला. मग मामांचे दात दाखवले. मामा चाळीस वर्षं तंबाखू खातात. नवरीची नीलपरी झाली. शेवटी कोपऱ्यात पडलेल्या चहाच्या कागदी कपाने अब्रू राखली.

फोटो मावशीला पाठवला. लगेच फोन.

"माझी पैठणी जांभळी केलीस!"

"अगं, निळीच आहे."

"निळी? चिंतामणी आहे ती. येवल्याहून आणलीय!"

कॉम्प्युटरचे मूळ रंग तीनच: तांबडा, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. गुणाकार केला की १,६७,७७,२१६ रंग होतात. त्यांत चिंतामणी नावाचा एकही नाही. गिंपमध्ये रंगाची छटा बदलायची जी ह्यू-सॅच्युरेशन नावाची सोय आहे, तिच्यात तर रंगांची बटणं सहाच. निळ्याचं बटण दाबून पट्टी डावीकडे सरकवली, फोटो पाठवला. "हा मोरपंखी." अजून थोडी. "आता रामा झाला." घाबरून उजवीकडे. "वांगं!" बायको शेजारून म्हणाली, "तुम्हाला अबोली आणि गुलबक्षी तरी वेगळे ओळखता येतात का?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यात निळ्याचं बटण दाबलं की फोटोतलं झाडून सगळं निळं हलतं. मावशीच्या मागे पाण्याचं प्लास्टिकचं पिंप होतं, उन्हाने विटलेलं. साडीने रंग बदलला की तेही बदलायचं. गिंप आणि पिंप, यमक जुळलं. रंग काही जुळेना. आधी मावशीला वेगळं सिलेक्ट करून घ्यायचं असतं, हे कळेपर्यंत साडेअकरा वाजले होते.

मुलगी पाणी प्यायला उठली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "बाबा, नाइट लाइट ऑन आहे."

डोळ्यांना त्रास नको म्हणून रात्री आठनंतर स्क्रीन पिवळट व्हावी, अशी सोय मीच करून ठेवली होती. म्हणजे साडेतीन तास मी स्क्रीनचा पिवळेपणा फोटोतून उपसत बसलो होतो.

तोवर शेवटचा, वांगी रंगाचा फोटो घरच्या ग्रुपवर जाऊन पडला होता. डिलीट करायला धावलो, तर वर 'मावशी टायपिंग'.

"साडी काही जमली नाही तुला. पण मागचं पिंप बघ. अगदी तस्सा चिंतामणी!"