‘ऊन वाढलं की तळ गाठा’: बासबद्दलचा फिरता सल्ला आणि त्यातल्या चुका

‘लार्जमाउथ बास पकडण्याचे पाच अचूक नियम, कुठल्याही तलावात चालणारे’ असा एक संदेश सगळीकडे फिरतोय. (लार्जमाउथ बास म्हणजे गळाने धरला जाणारा, मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातला मासा.) नुकताच गळ हातात घेतलेल्या भाच्यानेही तो पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं ना?" खरं नाही. त्यातला एक नियम तर मासा मारणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘ऊन तापलं की बास थंडाव्यासाठी सर्वांत खोल तळाशी जातो.’ इथे मुळात मासाच चुकलाय. थंड पाण्यामागे खाली जातो तो ट्राउट, तो वेगळा मासा. बास उबदार पाण्यातला मासा, 25 ते 28 अंश सेल्सिअस त्याला छान मानवतं. दुसरी चूक याहून मोठी. खोल तलावात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर कोमट आणि हलकं पाणी, खाली थंड आणि जड, मध्ये तापमान झपकन उतरतं तो पट्टा म्हणजे थर्मोक्लाईन. वारा वरचा थर ढवळतो, खालच्यापर्यंत पोचत नाही. मेलेलं शेवाळ आणि पालापाचोळा तळाशी कुजतो, त्यात तिथला ऑक्सिजन संपतो आणि शरद ऋतूत पाणी वरखाली होईपर्यंत नवा मिळत नाही. हिरवट, सुपीक पाण्याच्या तलावात उन्हाळ्यात तळाशी बास जगूच शकत नाही. तिथे दिवसभर जिग (वजन जडवलेला आमिषाचा गळ) आपटून काय मिळणार?

हे डोळ्यांनी बघता येतं. फिश फाइंडरची (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या. पडद्यावर एक धूसर आडवी पट्टी उमटेल, तीच थर्मोक्लाईन, आणि बोट खोल पाण्यावर कुठेही नेली तरी ती जवळपास त्याच खोलीवर राहील. समजा पट्टी 18 फुटांवर आहे आणि तलाव 60 फूट खोल. मग खालचे 42 फूट सोडून द्या. पट्टी जिथे उताराला टेकते, म्हणजे पाण्यात घुसलेली जमिनीची सोंड किंवा बुडालेला उंचवटा, तिथे 12 ते 18 फुटांत आमिष फिरवा. स्वच्छ, कमी शेवाळाच्या तलावात खालीही ऑक्सिजन टिकतो आणि लहान माशांच्या थव्यामागे बास 30 फुटांखालीही जातो, एवढं मान्य करतो. पण ‘कुठल्याही तलावात’? अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या ओकीचोबी सरोवराची सरासरी खोली जेमतेम 9 फूट आहे. तिथे गवताची कड, गवतातल्या मोकळ्या वाटा आणि सावली शोधायची असते.

आता तो घातक नियम: ‘खोलातून काढलेल्या माशाच्या तोंडातून फुगा बाहेर आला तर सुईने फोडा आणि सोडून द्या.’ कृपा करून असं करू नका. तो फुगा म्हणजे माशाचं जठर. बासच्या वाताशयाला, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीला, घशाकडे उघडणारी नळी नसते, आतली हवा रक्तावाटे सावकाशच कमी होते. 33 फुटांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथून वर आणलेल्या माशाच्या पोटात तीच हवा दुप्पट जागा मागते. ती जठराला तोंडाकडे ढकलते. सुई टोचली की जठराला भोक पडतं आणि हवा वाताशयात आहे तशीच राहते. मासा उलटा तरंगतो, वर जखमी. ‘हळूहळू ओढलं की त्रास होत नाही’ हेही त्याच संदेशात आहे आणि तेही चूक. हवा कमी व्हायला तास लागतात, रीळ दोन मिनिटं हळू फिरवून काही होत नाही.

मग करायचं काय? मासा सोडणार असाल तर 25-30 फुटांखालचे मासे मुळात धरू नका. धरलाच तर फोटो, वजन सगळं बाजूला ठेवून लगेच पाण्यात. स्वतःहून खाली गेला तर उत्तम. उलटा तरंगू लागला तर खालच्या जबड्याला बोथट चिमटा लावा, त्याला पुरेसं वजन बांधा, दोरीने पकडल्या खोलीपर्यंत उतरवा आणि झटका देऊन सोडवा. वाताशयातली हवा अंगाच्या बाजूने सुई घालून काढणारे जाणकार असतात, पण ती जागा कुणाकडून तरी समोर बसून शिकावी लागते.

‘मोठा मासा खोल, बारका उथळ.’ जागतिक विक्रमच बघा. जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेकमध्ये 22 पौंड 4 औंसांचा बास धरला. ते नदीच्या सुटलेल्या वळणाचं नालाकृती सरोवर होतं, म्हणजे उथळ पाणी. 2009 मध्ये मनाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात जेमतेम एका औंसाने जड मासा धरला, आणि बिवा 100 मीटरहून खोल आहे. विक्रम मोडायला किमान 2 औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. नुसत्या तलावाच्या खोलीवरून माशाचं वजन ठरत नाही.

‘20 फूट ही सोन्याची खोली.’ यावर जास्त लिहीत नाही. पांढरं आमिष सावलीत सोडा आणि किती फुटांवर दिसेनासं होतं ते मोजा. दोन फुटांतच गेलं तर पाणी गढूळ, बहुधा काठ धरा. पंधरा फुटांपर्यंत दिसलं तर खालचाही विचार करा, विशेषतः भर उन्हात.

‘थंडीत खोल’ हा पाचवा नियम मात्र अर्धा बरोबर आहे. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे बर्फाखाली तळच त्यातल्या त्यात उबदार राहतो. पण दोन-तीन दिवस सलग ऊन पडलं की दगडी, तीव्र उताराच्या काठाचं पाणी दुपारी थोडं तापतं आणि बास तिथल्या तिथे वर सरकतो. पुढे पाणी 15-18 अंशांवर गेलं की मासे अंडी घालायला काठाशी येतात. तेव्हा खोलात बसणाऱ्याच्या गळाला फारसं काही लागत नाही.