क्लिअरिंगहाऊसमधलं नाव पाच वर्षं थांबून निघत नाही

अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रग किंवा अल्कोहोल टेस्टमध्ये अडकलात आणि क्लिअरिंगहाऊस नावाच्या सरकारी नोंदवहीत नाव लागलं, तर ‘सॅप’ नावाच्या समुपदेशकाच्या खर्चात पडू नका. पाच वर्षं दुसरं काहीतरी काम करा, नाव आपोआप निघतं. एवढं थांबायचं नसेल तर दुसऱ्या राज्यात लायसन्स काढा. नव्या कंपनीने कन्सेंट, म्हणजे तुमची नोंद तपासायची संमती, मागितली तर देऊ नका, म्हणजे त्यांना काही दिसणारच नाही. टेस्टला बोलावलं आणि शंका असली तर सॅम्पल न देता निघून या. गांजा कायदेशीर असलेल्या राज्यात राहत असाल तर तुम्हाला भीतीच नाही. आणि तरीही अडकलात तर अमुक एक कन्सल्टंट पैसे घेऊन नाव काढून देतो.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या छोट्या ट्रक कंपन्यांची सेफ्टीची कागदपत्रं बघते. हा मेसेज वाचून गप्प बसलेल्या ड्रायव्हरांचं काय होतं ते आमच्या टेबलावर येतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. क्लिअरिंगहाऊस म्हणजे व्यावसायिक वाहनाचं लायसन्स, म्हणजे सीडीएल, असलेल्या ड्रायव्हरांच्या ड्रग आणि अल्कोहोल उल्लंघनांची केंद्रीय नोंदवही. एफएमसीएसए या केंद्र सरकारच्या यंत्रणेने ती ६ जानेवारी २०२० पासून सुरू केली. ड्रायव्हर ठेवण्याआधी कंपनीला तिथे पूर्ण तपासणी करावी लागते आणि ठेवल्यावर वर्षातून किमान एकदा मर्यादित तपासणी, म्हणजे काही नोंद आहे की नाही एवढंच. कुठलीही तपासणी असो, कंपनीला सव्वा डॉलर लागतो. ड्रायव्हरला स्वतःची नोंद बघायला काहीच लागत नाही. स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर असलेल्यालाही स्वतःची तपासणी करावीच लागते.

आता पाच वर्षांचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केलंय. नियमात पाच वर्षं आहेत, हे खरं. पण वाक्य तिथे संपत नाही. उल्लंघन निश्चित झाल्यापासून पाच वर्षं, किंवा ड्रायव्हरने कामावर परतण्याची पूर्ण प्रक्रिया आणि त्यानंतरच्या टेस्टचा कार्यक्रम संपवेपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर नोंद राहते. म्हणजे ज्याने प्रक्रिया सुरूच केली नाही त्याच्या बाबतीत ‘नंतर’ कधी येतच नाही. २०२० साली नाव लागलेला आणि तेव्हापासून हातावर हात धरून बसलेला माणूस आजही ‘प्रोहिबिटेड’च आहे, म्हणजे त्याला गाडी चालवायला बंदीच आहे.

नुसतं तेवढंच असतं तरी एक वेळ समजू शकले असते. पण १८ नोव्हेंबर २०२४ पासून नियम आणखी कडक झालाय. स्टेटस ‘प्रोहिबिटेड’ असल्याची सूचना राज्याच्या लायसन्स कार्यालयाला मिळाली की ६० दिवसांच्या आत त्यांनी त्या ड्रायव्हरचा सीडीएलचा अधिकार काढून घ्यायचा आहे. पूर्वी खिशात लायसन्स तरी राहायचं. आता थांबणाऱ्याचं लायसन्सही जातं.

उलट प्रक्रिया केली तर काय होतं ते बघा. आधी सॅपकडे मूल्यमापन. सॅप म्हणजे या कामासाठी वाहतूक खात्याच्या अटींनुसार पात्र ठरलेला समुपदेशक. तो जे शिक्षण किंवा उपचार सांगेल ते पूर्ण करायचे. मग पुन्हा त्याच सॅपकडे जायचं. तो समाधानी असेल तर क्लिअरिंगहाऊसमध्ये नोंद करतो की हा माणूस परतीच्या टेस्टला पात्र आहे. ती टेस्ट निगेटिव्ह आली आणि नोंदली गेली की स्टेटस बदलतं आणि गाडी चालवता येते. पुढे पहिल्या बारा महिन्यांत कमीत कमी सहा टेस्ट अचानक होतात आणि सॅपने ठरवलं तर हा कार्यक्रम साठ महिन्यांपर्यंत चालतो. पण त्या काळात माणूस कामावर असतो, घरी नाही. कंपनी बदलली तरी हा कार्यक्रम सोबत जातो. जुनी नोंद पुढच्या कंपनीला दिसते, हेही खरं. पण दिसणं वेगळं आणि बंदी असणं वेगळं.

खर्च होतो, हे मी नाकारत नाही. बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच खिशातून होतो. आणि परतीची टेस्ट करवून घेईल अशी कंपनी मिळणं हा यातला खरोखर अवघड भाग आहे, कारण जुनी कंपनी परत घ्यायला बांधील नाही. छोट्या कंपन्या कधी कधी तयार होतात. स्वतःची गाडी असेल तर ज्या कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे टेस्टचं काम बघणाऱ्या संस्थेत, नाव आहे त्यांच्यामार्फत हे होतं. मेसेज लिहिणाऱ्याने ही अडचण सांगितली असती तर मी त्याच्याशी सहमत झाले असते. त्याने सांगितलं थांबा.

एक प्रकरण सांगते. एका ड्रायव्हरचं सॅपचं सगळं झालं होतं, टेस्ट निगेटिव्ह आली होती, हातात रिपोर्ट होता, आणि क्लिअरिंगहाऊसच्या पोर्टलवर मात्र ‘प्रोहिबिटेड’. त्याचा समज झाला की मेसेज बरोबर आहे, पैसे वाया गेले. आम्ही सॅम्पलसोबत भरला जाणारा पाच प्रतींचा फॉर्म मागवला. त्यावर ‘टेस्टचं कारण’ या ओळीत छोट्या चौकटी असतात. त्यात ‘रिटर्न टू ड्यूटी’ऐवजी ‘प्री-एम्प्लॉयमेंट’वर खूण होती. परतीची टेस्ट नेहमी प्रत्यक्ष देखरेखीखाली घ्यावी लागते, म्हणजे त्याच लिंगाची व्यक्ती सॅम्पल देताना समोर उभी असते. चुकीच्या चौकटीमुळे सॅम्पल साध्या पद्धतीने घेतलं गेलं होतं. ते परतीची टेस्ट म्हणून चालणारच नव्हतं. पुन्हा बोलावून, देखरेखीखाली टेस्ट झाली, निगेटिव्ह आली, कंपनीने ती पोर्टलवर नोंदवली आणि स्टेटस बदललं. नोंदवण्याचं काम कंपनीचं असतं, लॅबचं नाही आणि ड्रायव्हरचंही नाही. अडकलेल्या स्टेटसमागे मला बऱ्याचदा हेच दोन प्रश्न सापडतात: टेस्ट कुठल्या कारणाखाली घेतली, आणि निकाल कंपनीने पोर्टलवर टाकला का. सॅपची ‘पात्र’ अशी नोंद होण्याआधी स्वतःहून केलेली टेस्टही धरली जात नाही.

दुसऱ्या राज्याचं लायसन्स हा सल्ला तर कामाचाच नाही. एका ड्रायव्हरकडे एकच लायसन्स, हा नियम १९८६ च्या कायद्यापासून आहे आणि सगळी राज्यं सीडीएलधारकांची माहिती एका सामायिक यंत्रणेतून पडताळतात. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून सीडीएल देताना, नूतनीकरण करताना किंवा दुसऱ्या राज्यातून हलवताना राज्याला आधी क्लिअरिंगहाऊस बघावंच लागतं. ‘प्रोहिबिटेड’ असेल तर तिथेच थांबतं.

पण प्रामाणिकपणे राज्य बदललेल्यांची मात्र वेगळी गोची होते आणि त्यावर कोणी बोलत नाही. कॅलिफोर्नियातून टेक्ससला गेलात, लायसन्सचा नवा नंबर मिळाला, आणि पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये जुनाच राहिला. नवी कंपनी नव्या नंबराने तपासणी टाकते आणि ती तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे लायसन्स बदललं की प्रोफाइलमध्ये नंबर आणि राज्य दोन्ही बदला. काही राज्यांच्या नंबरात अक्षरं असतात, तिथे इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची गल्लत होते. कंपनीच्या बाजूने भरणाऱ्याने लायसन्सचा फोटो समोर ठेवून एक एक आकडा वाचावा. फोनवर ऐकून भरू नये.

कन्सेंटबद्दल. पूर्ण तपासणीसाठी ड्रायव्हरने पोर्टलवर स्वतः संमती द्यावी लागते, हे मेसेजमधलं बरोबर आहे. न दिल्याने नवं उल्लंघन लागत नाही, हेही बरोबर. पण न दिली तर कंपनीला तुम्हाला गाडीवर बसवताच येत नाही. मग काय साधलं? वार्षिक मर्यादित तपासणीला कागदावरची एकच सही पुरते, पण त्यात काही आढळलं तर चोवीस तासांत पूर्ण तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर काम बंद. आणि पूर्ण तपासणीनंतर तीस दिवसांत काही नवं आलं तर पोर्टल कंपनीला स्वतःहून कळवतं. लपवायला जागाच राहत नाही.

कन्सेंटमध्ये अडकणारे बहुतेक लोक काही लपवत नसतात. पोर्टलवर नोंदणीच केलेली नसते, मग विनंती टपालाने लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते, आणि तो पत्ता दोन घरांपूर्वीचा असतो. किंवा लॉगिनला कोड ज्या फोनवर येतो तो नंबर भारतात सुट्टीवर जाताना बंद केलेला असतो. नोकरी शोधायच्या आधी एकदा लॉगिन करून बघा. तिथे तुमच्या निगेटिव्ह टेस्ट दिसणार नाहीत आणि त्याने घाबरू नका. नोकरीपूर्व किंवा अचानक झालेल्या टेस्टचा निगेटिव्ह निकाल तिथे नोंदवतच नाहीत. काहीच न दिसणं हीच चांगली बातमी.

सॅम्पल न देता निघून येणं. नोकरीपूर्व टेस्ट सुरू होण्याआधी गेलात तर तो नकार धरत नाहीत. बाकी जवळपास प्रत्येक वेळी तो ‘नकार’ ठरतो, आणि नकाराची किंमत पॉझिटिव्हइतकीच आहे. लघवी होत नसेल तर तीन तास थांबायची मुभा असते आणि त्या वेळात चाळीस औंसांपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा लिटरच्या जवळपास, पाणी देतात. तिथेच बसून राहा.

गांजाबद्दल मेसेज सरळ खोटं बोलतो. सीडीएलची टेस्ट केंद्र सरकारच्या नियमाने होते. राज्याने काहीही परवानगी दिली असली तरी टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, सापडलं की पॉझिटिव्ह, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. सीबीडीचं, म्हणजे त्याच झाडापासून काढलेलं, तेल घेतलं होतं, हे कारण चालत नाही. आपल्याकडची भांगही त्याच झाडाची. महाशिवरात्रीला किंवा होळीला गावी जाऊन घेतलेली थंडाई परतल्यावर टेस्टमध्ये दिसू शकते आणि ‘प्रसाद होता’ असं सांगून निकाल बदलत नाही.

खसखशीची भीती मात्र गरजेपेक्षा मोठी झालीय. दिवाळीत अनारसे खाल्ले म्हणून लोक टेस्ट चुकवतात. ओपिएट्सची, म्हणजे अफूतून येणाऱ्या द्रव्यांची, मर्यादा १९९८ साली ३०० नॅनोग्रॅमवरून २००० पर्यंत वाढवली ती अशाच कारणाने. चार अनारशांसाठी टेस्टला न जाणं म्हणजे नकार ओढवून घेणं. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाचं मात्र जपून. घेतलं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि बाटली ठेवा.

ती दाखवायची कोणाला, हे माहीत हवं. लॅबमध्ये पॉझिटिव्ह आलं की निकाल थेट कंपनीकडे जात नाही. आधी एमआरओ नावाचा डॉक्टर ड्रायव्हरला फोन करतो आणि काही वैद्यकीय कारण आहे का विचारतो. आपले लोक अनोळखी नंबर उचलत नाहीत. एमआरओला संपर्क झाला नाही की तो कंपनीला सांगतो. कंपनीने निरोप दिल्यावर ७२ तासांत तुम्ही फोन केला नाही तर तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल पॉझिटिव्ह ठरू शकतो. टेस्ट दिल्यावर काही दिवस प्रत्येक फोन उचला.

सॅम्पलच्या दोन बाटल्या केलेल्या असतात. पॉझिटिव्ह कळल्यापासून ७२ तासांत दुसरी बाटली वेगळ्या लॅबकडे पाठवायची मागणी करता येते. निकालच चुकीचा वाटत असेल तर ती मागणी करायची ती याच वेळात. नंतर कुठलाही कन्सल्टंट टेस्टचा निकाल उलटवू शकत नाही.

त्या कन्सल्टंटबद्दल एवढंच. नोंद चुकीची टाकली गेली असेल, म्हणजे दुसऱ्याच्या नंबरावर, किंवा आवश्यक पुरावा न जोडता कंपनीने ‘नकार’ लिहिला असेल, तर ड्रायव्हर स्वतः एफएमसीएसएकडे अर्ज करू शकतो. उत्तर ४५ दिवसांत देण्याचा नियम आहे. त्या नोंदीमुळे काम थांबलं असेल तर लवकर निकालाची मागणी करता येते, आणि ती मान्य झाली तर १४ दिवसांत. अर्जात नोंद बरोबर टाकली का एवढंच तपासतात, टेस्टचा निकाल नाही. कंपनीच्या फॉर्मच्या प्रती, टेस्टच्या दिवसाची वेळ दाखवणारी पावती, ईएलडीची, म्हणजे गाडी चालवल्याचे तास नोंदवणाऱ्या उपकरणाची, नोंद आणि कंपनीशी झालेले मेसेज यांची एक फाइल करून ठेवली की हा अर्ज घरी बसून भरता येतो.