कमान बघायला येताय? या, या!

पॅरिसला येताय? उत्तम. शहराच्या पश्चिमेला ला देफाँस नावाचा टोलेजंग टॉवरांचा ऑफिसपट्टा आहे. तिथली 'ग्रांद आर्श', म्हणजे ती पोकळ चौकोनी महाकमान, चुकवू नका. माझी नोकरी तिथलीच, त्यामुळे पाहुण्यांना कमान दाखवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडतं. गेल्या शनिवारी डोंबिवलीच्या एका काकांना दाखवली. त्यांच्याकडून जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडावं.

मेट्रोच्या जिन्यावरून वर येता येताच मत देऊन टाका. "हॅ, ही तर बिनपल्ल्यांची खिडकी!" कोणी सांगू लागलं की उंची ११० मीटर आहे, पोकळीत नोत्र-दामचं चर्च मावेल, तर "आमच्या बीकेसीत..." म्हणून त्याला तोडा.

पायऱ्यांवर बसून चिवडा काढा. कमानीखाली वारा असा घुसतो की पोहे उडून जातात आणि हातात शेंगदाणे उरतात.

गच्चीवर जायचा हट्ट धरा. लिफ्टच्या अपघातानंतर ती २०१० मध्ये बंद झाली, २०१७ मध्ये उघडली, २०२३ मध्ये परत बंद. तरीही "तुझी कोणाशी ओळख असेल ना रे?" हे विचारायचंच.

इटलीतल्या काराराचा संगमरवर टिकला नाही, एका बाजूला ग्रॅनाइट बसवावा लागला, हे कळल्यावर मनापासून खूश व्हा. (इथे मात्र काकांचं काही चुकलं नाही.)

आता मुख्य सल्ला. कमान तिरकी आहे हे शोधून काढा आणि लगेच सोसायटीच्या ग्रुपला व्हिडिओ कॉल लावा. लूव्हर संग्रहालयापासून शाँझेलिझे रस्त्यावरून, आर्क द त्रियाँफ या विजयकमानीतून एक सरळ रेषा थेट इथवर येते आणि ही बया त्या रेषेला काटकोनात उभी नाही, सहा अंशांहून जरा जास्तच वळलीय. मग मोठ्यांदा ओरडा, "गुण्या लावला नाही रे फ्रेंचांनी! टेंडरात खाल्लं असणार!" खाली आरईआर रेल्वे आहे, मेट्रो आहे, हमरस्त्याचा बोगदा आहे, आणि या सगळ्यांच्या मधल्या फटींतून खांब उतरवून वर तीन लाख टनांचं धूड पेलायचं होतं, हे ऐकून घेऊ नका. सरळ ठेवली असती तर खांब बोगद्यांत गेले असते, म्हणून वळवली. पलीकडच्या टोकाचा लूव्हरही त्या रेषेला जवळपास तेवढाच तिरका आहे. आणि वळवल्यामुळेच तर लांबून तिची खोली कळते, नाहीतर नुसती चौकट दिसली असती. पण नाही. खाल्लं म्हणजे खाल्लं!

कोणी खाल्लं, काका? १९८३ मध्ये कमानीच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली, ४२४ प्रवेशिकांतून, नावं झाकून निवड झाली. निघाला कोण, तर डेन्मार्कचा वास्तुकार स्प्रेकेल्सेन, ज्याच्या नावावर चार चर्च आणि स्वतःचं घर एवढंच काम. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग १९८६ मध्ये सरकार बदललं, खर्चाला कात्री लागली, भांडणं झाली आणि त्याने राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी तो गेला. काम फ्रेंच वास्तुकार पॉल आंद्रूने तडीस नेलं आणि जुलै १९८९ मध्ये, राज्यक्रांतीच्या दोनशेव्या वर्षी, झेंडे-बिंडे लावून थाटात उद्घाटन झालं. ते बघायला तो नव्हता.

नाही आवडली तर नका आवडून घेऊ. सोमवारी सकाळी मलाही ती डोळ्यांसमोर नको होते. पण लाखो रुपये खर्चून इतक्या लांब येता, रोज तिच्या पायथ्याशी डबा खाणारा माणूस शेजारी उभा असतो, त्याला "ही तिरकी का रे?" एवढं विचारायला काय जातं तुमचं? विचारायचं नसेल तर गप्प बसा. फोटो काढा, मॉलमध्ये जा, परफ्यूम घ्या. पण ग्रुपवर निकाल लावू नका. त्या ग्रुपातली सगळी मंडळी आता जन्मभर सांगत फिरणार, की फ्रेंचांना गुण्या लावता येत नाही, आमच्या काकांनी स्वतः बघितलंय.