खर्ज डुगडुगतोय हे मान्य, पण रेकॉर्डिंग का नको ते सांगते

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि परत बोर्ड चालू करून हेडफोन लावून बसले. तुमचं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, माझ्या मायक्रोकंट्रोलरवरच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवरच्या, तानपुऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालच्या षड्जाची तार) जोडीशी (मधल्या एकसारख्या दोन तारांशी) लागलेला नाही, डुगडुगतोय. दुसरं, हा खटाटोपच फुकट आहे, तपकीर गल्लीत एमपीथ्रीचं मॉड्यूल मिळतं, कार्डवर खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग टाका आणि मोकळ्या व्हा.

पहिलं शंभर टक्के बरोबर आणि तुमच्या कानाला खरंच नमस्कार, कारण मला ते आठ दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

झालं काय ते सांगते. प्रत्येक तारेसाठी रॅममध्ये आकड्यांची एक रांग आहे, तार छेडली की त्यात रँडम आकडे भरायचे, मग रांग गोल गोल फिरवायची आणि दर वेळी शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढून परत त्याच जागी ठेवायची, त्याने वरचे सूर आधी मरतात आणि तार छेडल्यासारखा आवाज उरतो. ही कारप्लस आणि स्ट्राँग यांची 1983 मध्ये छापून आलेली पद्धत. रांग जितकी लांब तितका स्वर खाली. आईची पट्टी काळी चार, म्हणजे साधारण 207.65 हर्ट्झ, आणि मी सेकंदाला 16000 सॅम्पल, म्हणजे आवाजाचे आकडे, काढते, म्हणून जोडीला 77 ची रांग धरली आणि खर्जाला बरोबर दुप्पट, 154. कागदावर एकदम चोख. पण सरासरी काढताना अर्ध्या सॅम्पलचा उशीर होतो तो मी धरलाच नव्हता! म्हणजे जोड खरी 77.5 ची आणि खर्ज 154.5 चा, आणि 77.5 ची दुप्पट होते 155. खर्ज किंचित चढा राहिला आणि दर दीड सेकंदाला एक हेलकावा यायला लागला, तोच तुम्ही ऐकलात. आता खर्जात सरासरी दोनदा घेतलीये, अर्धा आणि अर्धा मिळून पूर्ण एक, 154 चे झाले 155. आवाज जरा गोल झाला पण खर्जाला तो शोभतो.

दुसरं मात्र नाही पटत. लिफ्टमधली सूचना, दारावरची बेल, असं रोज एकसारखंच वाजायचं असेल तर साठवलेला आवाजच बरा, तिथे मीही मॉड्यूलच लावेन. तानपुरा तसा नाही हो. आईचा घसा धरला की ती काळी तीनला येते, कधी दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी तिला बरं वाटतं. 12 पट्ट्या गुणिले पहिल्या तारेचे पंचम, मध्यम, निषाद असे तीन पर्याय म्हणजे 36 रेकॉर्डिंग, आणि तरी मधली जागा मिळत नाही. रेकॉर्डिंग जोरात पळवून पट्टी चढवली तर छेडण्याची लयही पळते आणि आवाज पातळ होतो. शिवाय लूपचा सांधा, एकदा ऐकू आला की रियाजभर तोच ऐकू येतो. चिपमध्येच साठवावं म्हटलं तर तिची कायमची साठवण, फ्लॅश, 32 केबी, 8 बिटचं 16000 सॅम्पलने दोन सेकंदसुद्धा धड बसत नाहीत, एक आवर्तन सोडाच. त्याउलट माझ्या चारही तारा मिळून जोडीचे 77 आणि 77, पंचमाचे 103 आणि खर्जाचे 154, एकूण 411 सॅम्पल, 16 बिटच्या हिशोबाने 822 बाइट, 2 केबी रॅममध्ये आरामात. पट्टी बदलायची तर नॉब फिरवायचा, लय तीच राहते.

जवारीचं, म्हणजे तानपुऱ्याच्या त्या झणकाराचं, तुम्ही लिहिलं नाहीत पण तुमच्या मनात असणार. ती माझ्या आवाजात नाहीये, आत्ता तो गिटारच्या जवळ जातो, मिरजेच्या तानपुऱ्याशी त्याची बरोबरी मी करतच नाही. घोडीचा तो बाक आणि तारेखालचा दोरा काय करतो यावर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच लिहून ठेवलंय, जिथे छेडल्यावर एखादा उपस्वर उमटायलाच नको तोही तानपुऱ्यात ठणठणीत ऐकू येतो. तार घोडीला टेकते तेवढा वेळ तिची लांबी बदलते, म्हणून मला रांगेची लांबी प्रत्येक कंपनात हलवावी लागेल, आणि 16 मेगाहर्ट्झवर एका सॅम्पलला चिपच्या घड्याळाचे फक्त 1000 ठोके मिळतात, त्यात चार तारा. एका तारेवर करून बघितलं तर थोडा झणकार आलाय.

नवीन खर्ज आज रात्री टाकते. रेकॉर्डिंग सलग पाच मिनिटांचं आहे, काका, हेडफोन लावून ऐका आणि पंचमाचंही सांगा, तिथे 103.3 च्या जागी 103.5 वर भागवलंय.