जिद्द तिची, पण परिस्थिती कुणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठी वर्तमानपत्रांत ‘परिस्थितीवर मात’ अशा मथळ्याच्या बातम्या सुरू होतात. आई धुणीभांडी करते, एका खोलीत पाच माणसं, आणि पोरीला नव्वद टक्के. वाचून ऊर भरून येतो. पण 2024 मध्ये राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक नवं वाक्य ऐकू येतं : आता फीसुद्धा नाही, यापुढे जी शिकणार नाही तिच्यातच खोट.

मी राहते त्या अमेरिकेतल्या अटलांटातही मला हे वाक्य ऐकावं लागतं, वेगळ्या माणसांबद्दल. गणपतीत, हळदीकुंकवाला, जेवणाच्या पंगतीत आपलीच मराठी माणसं बोलतात : “आपण दोन बॅगा घेऊन आलो आणि घरदार उभं केलं. ह्यांना कोणी अडवलंय?” ‘ह्यांना’ म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांना. बोलणाऱ्यांत वाईट माणसं नाहीत. पण ज्या कायद्याने आपल्याला या देशाचं दार उघडलं तो 1965 चा आहे, आणि नागरी हक्कांच्या चळवळीने देश ढवळून काढला नसता तर वंश पाहून माणसं घेणारी जुनी कोटा पद्धत तेव्हा मोडली नसती. त्याच वर्षी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने देणारा कायदा झाला. शिवाय आपण आलो ते आधीच शिकलेले, चाळणीतून गाळून घेतलेले. आपल्या यशाची फूटपट्टी त्यांना लावणं मला मान्य नाही.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण नोकरीच्या मुलाखतीला जाणार होती. डोक्यावर बारीक वेण्या, घालायला सहा-सात तास लागलेल्या, पैसेही बरेच गेलेले. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तिने त्या बसून सोडवल्या, केस गरम कंगव्याने सरळ केले आणि कपाळाशी भाजलेल्या चट्ट्यावर व्हॅसलीन लावून कामावर आली. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, “नोकरी मिळाली की परत घालीन. आधी मिळू दे.” कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. निर्णय तिचाच. पण त्या निर्णयाची किंमत दुसऱ्याच कोणीतरी ठरवून ठेवली होती.

किंमत कोण ठरवतं तेही सांगते. 2010 मध्ये शेजारच्या अलाबामात एका कृष्णवर्णीय तरुणीला कॉल सेंटरची नोकरी देऊ केली गेली आणि तिने जटा कापायला नकार दिल्यावर काढून घेतली गेली. अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा या राज्यांसाठी असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने (अकरावं सर्किट) 2016 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. केशरचना बदलता येते, म्हणून हा वंशभेद नाही, असं त्यांचं म्हणणं. हे न्यायालय अटलांटातच बसतं. अटलांटातच ‘फिअरलेस फंड’ नावाची संस्था कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांना 20,000 डॉलरचं अनुदान देत असे, कारण गुंतवणूकदार त्यांना दारातही उभं करत नाहीत. अनुदान फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनाच का, म्हणून त्यावर खटला झाला आणि 2024 च्या जूनमध्ये याच न्यायालयाने ती योजना रोखली. आधार घेतला तो 1866 च्या नागरी हक्क कायद्याचा, जो मुळात गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांसाठी केला होता. सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना बंदच पडली. केसांपायी नोकरी गेली तो भेदभाव नाही, आणि कृष्णवर्णीय बायकांसाठी चार पैसे बाजूला ठेवले तर तो भेदभाव! दोन्ही निकाल वाचले तेव्हा मला फार संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

‘शिका, म्हणजे सगळं ठीक होईल’ हे तर आपलं आवडतं वाक्य. अमेरिकेत 2023 साली एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे 50 कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या मातांमध्ये हेच प्रमाण साडेचौदाच्या आसपास. यात गरिबीचा वाटा आहेच. पण इथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीत असंही दिसलं, की पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा गरोदरपणाशी निगडित मृत्यूचा धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त असतो. टेनिसपटू सेरेना विल्यम्सलासुद्धा 2017 मध्ये बाळंतपणानंतर धाप लागली तेव्हा सीटी स्कॅनसाठी हट्ट धरावा लागला, आणि स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. दवाखान्यात बाईचं म्हणणं खरं धरलं जात नसेल, तर तिच्या पदव्या आणि पैसा तिला तिथे वाचवत नाहीत.

म्हणून मला अटलांटातलं स्पेलमन हे कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज महत्त्वाचं वाटतं. 1881 मध्ये एका कृष्णवर्णीय चर्चच्या तळघरात अकरा विद्यार्थिनींवर ते सुरू झालं. बहुतेक जणी गुलामगिरीत जन्मलेल्या, काही चांगल्या वयस्क, आणि इच्छा एवढीच की बायबल आपलं आपल्याला वाचता यावं. आज हे छोटंसं कॉलेज विज्ञानात पीएचडीपर्यंत पोचणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया घडवण्यात देशात अग्रभागी आहे. 2012 मध्ये त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवर होणारा खर्च जेमतेम ऐंशी खेळाडूंच्या वाट्याला जात होता. तो थांबवून तो पैसा दोन हजारांहून जास्त विद्यार्थिनींच्या व्यायामाकडे आणि आरोग्याकडे वळवला, कारण रक्तदाब, मधुमेह या मुलींच्या घराघरांत आहे. ती वेण्या सोडवणारी मैत्रीण इथलीच. एकदा ती म्हणाली, “तिथे चार वर्षं मी नुसती विद्यार्थिनी होते. वर्गात चुकीचं उत्तर दिलं तर ते माझं एकटीचं चुकायचं, सगळ्या जमातीचं नाही.” चुकायची मुभा मिळाल्याशिवाय माणूस वाढतो कसा? आपल्याकडे वसतिगृहात राखीव जागेवरून टोमणे ऐकणाऱ्या मुलीला ही मुभा कधी मिळते?

हे काही आपल्याला परकं नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याआधी दहा वर्षं, 1863 मध्ये, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी धीराचे धडे दिले नाहीत. दार उघडलं, बाळंत व्हायला जागा दिली, मूल सांभाळायची हमी दिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली तीही याच समजुतीने, की खेड्यातलं पोर शहरात कुठे राहणार याचं उत्तर नसेल तर शाळा उघडून उपयोग नाही.

तर फीमाफी चांगलीच, मी तिच्या बाजूची आहे. पण कॉलेजं आधी पूर्ण फी भरून घेतात अशा तक्रारी पहिल्याच वर्षी आल्या, आणि ज्या घरात ती रक्कम उभी राहत नाही तिथली मुलगी प्रवेशाच्या खिडकीवरूनच परत जाते. जिला प्रवेश मिळाला तिला राहायला जागा हवी, संध्याकाळच्या प्रॅक्टिकलनंतर गावाकडे जाणारी एसटी हवी, वर्गात आपल्यासारख्या आणखी चार जणी हव्यात. तेव्हा पुढची मागणी तालुक्याच्या गावी मुलींच्या सरकारी वसतिगृहांची असली पाहिजे. आणि तिथे रेक्टर कोण असेल, गेट किती वाजता लागेल, मेसमध्ये काय शिजेल, हे ठरवणाऱ्या समितीत तिथे राहणाऱ्या मुली मताच्या अधिकारासह बसल्या पाहिजेत.