बायकांचे कपडे घातल्यावर नेमकं वाटतं काय?

मी पुरुष आहे, लग्न झालेला आहे आणि अधूनमधून बायकांचे कपडे घालतो. नुसती ओढणी घेऊन गंमत वगैरे नाही, पूर्ण तयार होतो, विग, मेकअप, सगळं. क्रॉसड्रेसिंग म्हणतात त्याला. आता जवळच्या बऱ्याच लोकांना हे माहीत आहे आणि सुरुवातीचा अवघडलेपणा गेला की जवळपास प्रत्येक जण आडून आडून तेच विचारतो, अरे पण वाटतं काय नेमकं? मला हा प्रश्न आवडतो. "का करतोस" पेक्षा तर कितीतरी बरा, कारण "का" चं उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्यांनी यावर अभ्यास केलाय त्यांच्याकडेही सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. लहानपणी बहिणीचा फ्रॉक घातला असशील, आईला मुलगी हवी असेल, या सगळ्या थिअऱ्या ऐकून झाल्यात. का ते सोडा. काय वाटतं ते सांगायचा प्रयत्न करतो.

त्याआधी नेहमीचे प्रश्न पटापट उरकून टाकू. गे आहेस का? नाही. असतो तरी बिघडलं नसतं, पण नाही. अमेरिकेत १९९७ साली १०३२ क्रॉसड्रेसर पुरुषांचा एक सर्व्हे प्रसिद्ध झाला होता, त्यात ८७ टक्क्यांनी आपल्याला बायकांचंच आकर्षण आहे असं सांगितलं होतं आणि बहुतेकांची लग्नं झालेली होती. मग बाई व्हायचंय का? तेही नाही. ट्रान्स बाई, म्हणजे जन्मल्यावर मुलगा ठरवली गेलेली पण मुळात बाईच असलेली, साडी नेसते किंवा ड्रेस घालते तेव्हा ते वेशांतर नसतंच मुळी, ती स्वतःचेच कपडे घालत असते. माझं तसं नाही, मी रात्री मेकअप उतरवून झोपतो आणि सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नसते. काही जणांना या वाटेने जाता जाता पुढे कळतं की आपण ट्रान्स आहोत, तसं होतं, पण सगळ्यांचं होत नाही. आणि तिसरा प्रश्न, म्हणजे बालगंधर्वांसारखं का? अहो कुठे बालगंधर्व आणि कुठे मी. पण विनोद बाजूला ठेवला तरी फरक मोठा आहे. स्टेजवरची स्त्रीभूमिका ही कला, समोर प्रेक्षक, सगळं त्यांच्यासाठी. माझ्याकडे प्रेक्षक नसतो आणि मला तो नकोच असतो.

तर, वाटतं काय.

सुरुवातीचा भाग म्हणजे निव्वळ कष्ट. कितीही गुळगुळीत दाढी करा, ओठाच्या वर आणि हनुवटीवर एक निळसर सावली उरतेच. तिच्यावर थेट फाउंडेशन लावलं की ती करडी दिसते, चेहरा आजारी माणसासारखा होतो. म्हणून आधी तिथे केशरी करेक्टर लावायचा, बोटाने दाबून दाबून बसवायचा, चोळायचा नाही, चोळला की सगळा निघून येतो, मग पावडर, मग फाउंडेशन. या मधल्या टप्प्यावर आपण इतके हास्यास्पद दिसतो की हौसेने करणारा कुणीही इथेच सोडून देईल, अर्धा चेहरा केशरी, डोक्यावर विगच्या आतली ती जाळीची टोपी, आणि खाली पोट आत घेणारं शेपवेअर ज्यात श्वास घ्यायचा म्हणजे परवानगी काढावी लागते. ड्रेसची मागची झिप एकट्याने लावणं हा वेगळाच व्यायाम. हे सगळं करताना मी नेहमी वैतागलेला असतो, घामाने फाउंडेशन ओघळायला लागतं, आयलायनर एका डोळ्याला बरं जमतं आणि दुसऱ्याला नाही.

आणि मग विग चढतो, केस खांद्यावर येतात, आणि आत काहीतरी सैल पडतं. मूठ आवळलेली होती हे ती सोडल्यावर कळावं, तसं. खांदे खाली येतात. चालणं हळू होतं, हात हळू हलतात, मी बोलतोही हळू (एकट्याशीच बोलत असतो त्यामुळे कुणाला काही फरक पडत नाही). पायावरचे केस काढलेले असतील तर कापड कातडीवरून सरकताना जे जाणवतं ते मला आजही नवं वाटतं, हवासुद्धा वेगळी लागते. पुरुषाच्या कपड्यांत अंगाला काही कळतच नाही हो, जीन्स आणि शर्ट, झालं. आपण दिवसभर एक ठराविक पद्धतीने बसतो, उभे राहतो, आवाज लावतो, कुणी शिकवलेलं नसतं पण चुकलं की लगेच कुणीतरी हसतं, आणि ते इतकं अंगात मुरलेलं असतं की तोही एक वेश आहे हे लक्षातच येत नाही. त्याला थोडा वेळ सुट्टी मिळते.

बाहेरच्यांना हे सांगितलं की ते म्हणतात म्हणजे तुला सुंदर दिसल्यासारखं वाटतं. कधीकधी. एखाद्या दिवशी उजेड बरा असतो, कोन जमतो आणि आरशात क्षणभर एक बरी दिसणारी बाई उभी असते, तेव्हा आनंद होतो, खोटं कशाला बोलू. पण बऱ्याचदा आरशात ड्रेस घातलेला एक रुंद खांद्यांचा माणूसच दिसतो. आणि गंमत म्हणजे तरीही ते सैलावणं तसंच राहतं. दिसण्यावर ते अवलंबून असतं तर मी कधीच कंटाळून सोडलं असतं.

सेक्सचं काय, हेही लोकांच्या मनात असतं, फक्त विचारत नाहीत. पौगंडात ती उत्तेजना होती, अगदी होती, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांची सुरुवात तशीच झालेली असते. वय वाढतं तसा तो भाग अनेकांचा ओसरतो आणि शांतपणा उरतो, काहींचा नाही ओसरत. दोन्ही असतं. हा भाग गाळून नुसतं "आत्म्याचा आविष्कार" वगैरे लिहिणारे मला पटत नाहीत, आणि सगळं फक्त तेच आहे म्हणणारे त्याहून पटत नाहीत. कारण एवढं सगळं करून मग मी काय करतो माहितीये? कपड्यांच्या घड्या घालतो. लाइटचं बिल भरतो. पाय वर घेऊन सोफ्यावर पुस्तक वाचत बसतो. तासाभरात टाचा दुखायला लागतात, विगखाली डोकं खाजतं. सगळ्यात चांगला वेळ तोच असतो, जेव्हा आपण काय घातलंय हे विसरून काहीतरी क्षुल्लक काम चाललेलं असतं.

आता दुसरा भाग, आणि माझं खरं म्हणणं इथे आहे. हे सगळं वाटतं ते कपड्यांचं. पण त्याच्या शेजारी आणखी एक वाटणं असतं, लपवण्याचं, आणि लोक या दोघांची गल्लत करतात. आम्ही स्वतःसुद्धा करतो. दारात किल्ली फिरल्याचा भास होऊन छाती धडधडणं, कपाटाच्या वरच्या बॅगेला कुलूप, सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये आठवणं की पापण्यांच्या मुळाशी काजळ राहिलंय का, नखाच्या कडेला नेलपॉलिश राहिलंय का. मग एक दिवस अपराधीपणा इतका दाटतो की सगळं कचऱ्यात, विग, कपडे, सँडल, हजारोंचं सामान, पुन्हा कधी नाही अशी शपथ. याला पर्ज म्हणतात आणि क्रॉसड्रेसर लोकांत हे इतकं कॉमन आहे की "पर्ज झाला का" असं सर्दी झाली का विचारावं तसं विचारतात. काही महिने जातात आणि मग उलट लाट येते, तिला पिंक फॉग म्हणतात, डोक्यात दुसरं काही सुचत नाही, फक्त खरेदी आणि पुढची संधी कधी. बाहेरून बघणाऱ्याला हे व्यसनासारखं दिसतं. माझ्या मते यातलं निम्म्याहून जास्त लपवाछपवीतून येतं. ज्यांना घरात मोकळेपणा मिळाला त्यांचा हा झोका बराच कमी झालेला मी पाहिलाय, माझाही झाला. विकृती विकृती म्हणून जे दाखवलं जातं ना, तो थरकाप, ते खोटं बोलणं, त्याला ड्रेस जबाबदार नाही, दाराची कडी जबाबदार आहे.

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती केली, २०२२ पासून ती लागू झाली, त्यात क्रॉसड्रेसिंगवरचं जुनं निदान काढूनच टाकलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत अजून एक निदान आहे, पण तिथेही नुसते कपडे घातले म्हणून कुणी आजारी ठरत नाही, त्यातून येणारी लैंगिक उत्तेजना आणि त्यामुळे माणसाला होणारा ठळक त्रास किंवा आयुष्यात येणारी अडचण, हे सगळं लागतं. बरं, तो त्रास येतो कुठून, हा प्रश्न आहेच.

कुठले कपडे कुणाचे हे ठरवणाऱ्यांचा इतिहास तर बघण्यासारखा आहे. पॅरिसमध्ये १८०० साली नियम निघाला की बाईला पुरुषासारखा पोशाख करायचा, म्हणजे पँट घालायची, तर पोलिसांची परवानगी हवी. रोझा बाँअर ही प्राणी रंगवणारी मोठी चित्रकार, तिला जनावरांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात जाऊन स्केचेस करायची असत, तर तिनेही १८५७ मध्ये तशी रीतसर परवानगी काढली होती. पुढे तो नियम कुणी पाळत नव्हतं, पण त्याला आता कायद्याने काही अर्थ उरलेला नाही असं फ्रेंच सरकारने जाहीर केलं ते २०१३ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोत १८६३ चा असाच एक कायदा होता तो १९७४ पर्यंत टिकला. आणि उंच टाचा? त्या तर आधी पुरुषांच्या, फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट मिरवायचा. आज बाईने शर्ट-पँट घातली तर कुणी मान वर करून बघत नाही. तिने "वरचं" काहीतरी घेतलं असं समजतात, आणि मी ड्रेस घातला की खाली उतरलो. मला यात माझ्यापेक्षा बायकांचा अपमान जास्त दिसतो, पण ते असो.

बायकोबद्दल विचारणार तुम्ही, माहितीये. कळलं तेव्हा तिला आनंद वगैरे झाला नाही, त्या इंटरनेटवरच्या गोड गोष्टी वाचून कुणी आशा धरू नका. ती कपड्यांवर फारशी चिडलीच नाही, इतकी वर्षं एका घरात राहून तिला माहीत नव्हतं यावर चिडली, आणि त्याला बराच वेळ गेला. आता नियम आहेत. आधी सांगायचं, तिच्या मैत्रिणी येणार असतील तर नाही, आणि तिच्या लिपस्टिकला हात लावायचा नाही. झिप मात्र लावून देते, तोंडाने पुटपुटत का होईना.

तुमच्या ओळखीत कुणी असं सांगितलं तर लगेच समजून घेतल्याचं नाटक करू नका, ते कळतं. विचित्र वाटत असेल तर विचित्र वाटतंय म्हणा, प्रश्न विचारा, तिसऱ्याला सांगू नका. एवढं पुरतं.

मलाही विचारा, जमेल तसं उत्तर देईन. फोटो मागायला इनबॉक्समध्ये येऊ नका, ब्लॉक करतो.