गिटारच्या तारांना खोबरेल चोळू नका

‘बोट सरकताना गिटारच्या तारा चिरकतात? रोज खोबरेल चोळा. तरी चिरकल्या तर बारीक पॉलिश पेपर मारा, नाहीतर नायलॉनच्या तारा लावा. चांगल्या वादकाच्या तारा चिरकतच नाहीत.’ हा संदेश फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत आला आणि तिने नव्याकोऱ्या तारांना तेल चोळलंसुद्धा!

आधी तेलाचं. अकूस्टिक गिटारच्या तिसरी ते सहावी या तारांत पोलादी गाभ्यावर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. तेल त्या वळशांच्या फटींत उतरतं, धूळ आणि बोटांचा मळ धरून ठेवतं. तार बद्द वाजायला लागते आणि कितीही पुसली तरी पूर्ववत होत नाही. ती बदलावीच लागते. त्यात खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे थंडीत तारेवर चिकट थर. वंगणाने चिरकणं कमी होतं, एवढं मात्र मान्य. पण त्यासाठी फास्ट-फ्रेटसारखी खनिज तेलाची कांडी मिळते. ती एकदा फिरवा आणि लगेच सुती कापडाने तार कोरडी पुसा.

पॉलिश पेपरने वळसे कमीजास्त झिजतात, तार सुरात राहत नाही. घासलेल्या तारा हव्याच असतील तर कारखान्यातून एकसारख्या घासून आलेल्या हाफ-राउंड घ्या.

नायलॉनच्या संचातही चौथी, पाचवी, सहावी गुंडाळलेलीच असते. त्याही चिरकतात.

‘चांगल्या वादकाच्या चिरकत नाहीत’ हे तर साफ खोटं. पाकारिनेन, पेंटिनेन आणि बँक यांनी 2007 साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात या आवाजाचं विश्लेषण केलं. त्याच्या एका भागाची पट्टी बोटाच्या वेगावर आणि वळसे किती दाट आहेत यावर ठरते. सेंटिमीटरमागे 25 वळसे असतील आणि बोट सेकंदाला 40 सेंटिमीटर सरकलं तर 1000 हर्ट्‌झ. गुंडाळलेल्या तारेवर बोट घासलं की आवाज येणारच, वादक कोणीही असो.

म्हणून घासणंच टाळायचं. नुसता दाब सोडून बोट तारेवरूनच ओढलं तर ते जास्तच चिरकतं. दाब सोडा, बोट एक-दोन मिलिमीटर सरळ वर उचला, मग हात हलवा. बोट टेकवून सरकायचंच असेल तर पहिल्या-दुसऱ्या साध्या तारेवर सरका: डी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) ए कॉर्डवर जाताना तिसरं बोट, म्हणजे अनामिका, दुसऱ्या तारेवरच तिसऱ्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) दुसऱ्या फ्रेटवर येतं. बोटांवरचे खडबडीत घट्टे नेलफाइलने गुळगुळीत करा. नव्या तारा जास्त चिरकतात, तेव्हा रेकॉर्डिंगच्या दोन-चार दिवस आधीच बदला.